काम गेलं कुठे? डंडी आणि हुगळी : एका प्रश्नाचं उत्तर

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं : कारखाना स्वस्त मजुरीच्या देशात गेला, तर मागे राहिलेल्या कामगारांचं काय होतं, आणि दोष कोणाला द्यायचा? तेव्हा वेळ संपली होती. आज आपण एका शहराच्या इतिहासातून उत्तर शोधू. हे शहर म्हणजे स्कॉटलंडमधलं डंडी. तिथलं काम जिथे गेलं, तो कलकत्त्याजवळचा हुगळीचा काठ. म्हणजे काम ‘घेणारे’ आपल्याच देशातले.

डंडी हे मुळात जवसाच्या धाग्याचं कापड विणणारं गाव. १८३०च्या दशकात तिथल्या गिरण्यांना बंगालचा ताग यंत्रावर कातणं जमू लागलं. ताग कोरडा आणि कडक. देवमाशाचं तेल दिलं की मऊ पडतो. देवमाशांच्या शिकारीला जाणारी जहाजं याच बंदरातून निघत. पुढे क्रिमियाच्या युद्धात रशियाचं जवस अडलं, अमेरिकेच्या यादवी युद्धात गोणपाटाला मागणी आली, आणि डंडी तागाची राजधानी झाली. गिरणी कामगारांत जवळजवळ तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या.

मात्र १८५५ मध्येच जॉर्ज ॲकलंड यांनी डंडीची यंत्रं आणून हुगळीकाठी रिश्रा इथे तागाची गिरणी उभारली होती. कच्चा माल शेजारी, मजुरी कितीतरी कमी. मग गिरण्या वाढत गेल्या. यंत्रं डंडीची, मॅनेजर आणि मिस्त्री डंडीचे, आणि काही कंपन्यांत भांडवलसुद्धा डंडीचं. टिटागढ आणि श्यामनगरच्या गिरण्यांचा कारभार तर डंडीतूनच चाले. शतक संपता संपता बंगालने डंडीला मागे टाकलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. डंडीच्या गिरण्या एका रात्रीत बंद पडल्या नाहीत. शेवटची बंद व्हायला १९९९ साल उजाडलं. काम जाण्याआधी मजुरी खाली दाबली गेली. वाढ मागितली की बंगालकडे बोट दाखवायचं. पोरं स्वस्त म्हणून कामावर घ्यायची आणि अठराव्या वर्षी, मोठ्या माणसाची मजुरी द्यायची वेळ आली की काढून टाकायची. बायको गिरणीत आणि नवरा घरी, अशी कितीतरी घरं. अशा नवऱ्यांना तिथे ‘किटली उकळणारे’ म्हणत. यात थट्टा आहे, आणि अपमानही आहे.

आता रिकार्डो. मुक्त व्यापाराचा हा मोठा पुरस्कर्ता. पण १८१७च्या ग्रंथात तो म्हणतो की आपला पैसा परक्या देशात धाडायला माणूस कचरतो, आणि ही भावना क्षीण झाली तर मला वाईट वाटेल. डंडीच्या धनिकांचं कचरणं फार टिकलं नाही. त्यांचा पैसा बंगालमध्ये गेला, अमेरिकेच्या रेल्वेत गेला. गिरणीतल्या बाईला मात्र टे नदी ओलांडून कुठे जायची सोय नव्हती.

मग हुगळीकाठचा मजूर जिंकला का? बिहार, ओडिशा, संयुक्त प्रांतातून आलेली ही माणसं. एकेका खोलीत दाटीनं राहायची, आणि मजुरी अशी की गावाकडची शेती सुटली तर कुटुंब उपाशी. तरी ते काम त्यांना हवं होतं. ते अडवणं न्यायाचं झालं असतं, असं आम्हाला म्हणवत नाही. भारतातल्या गिरण्यांना कारखाना कायदे लावा, असा आग्रह डंडीचे व्यापारी धरत होते. त्यात दयेपेक्षा धंद्याची काळजी अधिक होती. पण १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेऊन आठवड्याची सुटी मागितली, ती धंद्यासाठी नव्हे. मागणी प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही.

१९३९ मध्ये अर्थशास्त्रज्ञ काल्डोर यांनी एक कसोटी मांडली : ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर एकूण संपत्ती वाढली असं म्हणता येईल. भरपाई प्रत्यक्ष द्यायची की नाही, हा प्रश्न त्यांनी राजकारणावर सोडला. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी इथेच अडतो. ‘देता येईल’ आणि ‘दिली’ यांत डंडीच्या बाईचं सगळं आयुष्य निघून गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने काही काळ तागाला संरक्षण दिलं, घड्याळांचे नि यंत्रांचे नवे कारखाने आणले. तिथे पुष्कळ स्त्रियांना कामही मिळालं. पण घड्याळांचा कारखानाही १९९३ मध्ये कडवट संघर्षानंतर बंद झाला.

तेव्हा त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं : दोष रिश्राच्या मजुराचा नाही. काम आपल्या पायांनी चालत जात नाही, ते कोणीतरी नेतं, आणि नेणाऱ्याला नफा होतो. त्या नफ्यातून मागे राहिलेल्यांना काय दिलं, हा हिशोब मागायला हवा. उद्या हुगळीचं काम आणखी कुठे गेलं, तरी हाच हिशोब मागावा लागेल.

आज इथेच थांबू. प्रश्न जरूर पाठवा.