ड्रोन व लेसर भूमापन

ड्रोनमधून घेतलेली छायाचित्रे किंवा लेसर स्पंद वापरून जमिनीच्या हद्दी व चढउतार मोजण्याची पद्धत. महाराष्ट्रात तिचा मोठा वापर गावठाणांत झाला. शेतांची मोजणी ब्रिटिश अमदानीतच झाली होती. गावातल्या घरांना मात्र बहुतेक ठिकाणी नकाशाच नव्हता. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे आधी प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी गावठाणांच्या अशाच मोजणीसाठी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. उड्डाणापूर्वी ग्रामस्थांसमक्ष हद्दींवर चुन्याची फक्की मारतात. छायाचित्रांत त्या पांढऱ्या रेघा स्पष्ट उमटतात. भाऊबंदकीचा खरा कस इथेच लागतो, ड्रोन फक्त आखलेली रेघ टिपतो. पुढे आलेल्या पत्र्याखाली भिंत झाकली गेली, तर जागेवर जाऊन खातरजमा करावी लागते. चौकशीनंतर मिळकत पत्रिका तयार होते.

लेसरमध्ये स्पंद परतण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. काही स्पंद पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात, म्हणून झाडीने झाकलेल्या डोंगरउतारांवर छायाचित्रांपेक्षा लेसर भरवशाचा. दरडप्रवण भागात दोन वेळच्या मोजण्यांची वजाबाकी केली, की माती कुठे खचली ते दिसते. मुसळधार पावसात मात्र ड्रोन उडवता येत नाही.