फळीचा मालक कोण?

लॉस एंजेलिसच्या ईशान्येला हायलंड पार्क ही जुनी वस्ती आहे. तिथल्या यॉर्क बुलेव्हार्डवरचं ‘गॅल्कोज’ हे दुकान बाहेरून साधं किराणा दुकानच वाटतं. आत गेलं की मात्र फळ्याच फळ्या, आणि त्यांवर काचेच्या बाटल्यांच्या रांगा: तांबड्या, पिवळ्या, हिरव्या, काळ्याभोर. सगळ्या सोड्याच्या, पाचशेहून अधिक प्रकारच्या. किराणा विकणारं दुकान इथवर आलं, त्याची ही वाटचाल.

दुकानाची सुरुवात १८९७ सालची. लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांना त्यांच्या सवयीचं वाणसामान मिळावं म्हणून ते निघालं. गॅलिओटो आणि कॉर्टोपासी या दोन भागीदारांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरं जोडून ‘गॅल्को’ हे नाव झालं. १९५५ मध्ये दुकान हायलंड पार्कात आलं. ‘ब्लॉकबस्टर’ नावाच्या भरगच्च सँडविचसाठी लोक मुद्दाम इथे येत. पुढे दुकान जॉन नीस यांच्या हाती आलं. त्यांच्या वडिलांनीही हेच दुकान चालवलेलं होतं.

तोवर किराण्याचे दिवस पालटले होते. सुपरमार्केटं घाऊक माल उचलत, त्यामुळे त्यांना भाव स्वस्त मिळे. लहान दुकानदाराला कंपनीकडून जो खरेदीभाव पडे, त्याहून कमी दरात तोच सोडा सुपरमार्केटात गिऱ्हाइकाला मिळू लागला. अशात एका बड्या शीतपेय कंपनीचा माणूस जास्त माल उचलण्याच्या अटीवर सवलत घेऊन आला. नीस यांनी हिशेब मांडला आणि नको म्हणाले. या पेयाला मागणी आहे, तुमच्याकडे नसेल तर गिऱ्हाईक काय म्हणेल, असं त्या माणसाने सुनावलं. हा किस्सा नीस यांनी पुढे अनेकदा सांगितला. त्या बोलण्यातून आपल्याला एक आठवण झाली, असं ते म्हणतात: दुकानातली फळी आपल्या मालकीची आहे, तिच्यावर काय मांडायचं ते आपण ठरवायचं.

त्यांनी लहान कारखान्यांचे पंचवीस सोडे आणून मांडले. लोकांना वाटलं, हा माणूस दुकान बुडवणार. १९९५ च्या सुमारास हा पालट पक्का झाला आणि पंचविसाचे अडीचशे, अडीचशेचे पाचशे होत गेले.

हे पाचशे सोडे आले कुठून? सोडा हा मुळात गावोगावचा धंदा. पाण्याने भरलेल्या जड काचेच्या बाटल्या लांब नेणं परवडत नसे, रिकाम्या बाटल्या परतही आणाव्या लागत. म्हणून जो तो कारखाना आपल्या पंचक्रोशीपुरता, आणि चवही तिथलीच. पारशी लग्नात रास्पबेरी लागतेच, तशी न्यू इंग्लंडची ‘मॉक्सी’: १८७६ मध्ये औषध म्हणून निघालेली, आजही चांगलीच कडवट. नॉर्थ कॅरोलायनाची ‘चिअरवाइन’ १९१७ ची. नावात वाइन असली तरी चव चेरीची. ब्रुकलिनचा ‘मॅनहॅटन स्पेशल’ म्हणजे फसफसणारी कॉफी. न्यूयॉर्कच्या ज्यू खानावळींतल्या ‘सेल-रे’ला तर सेलरीच्या बियांचा वास! कॅन आले, परत न करायच्या बाटल्या आल्या, महामार्ग झाले, तशी ही गावं एकेक करून बड्या कंपन्यांनी गिळली. जे कारखाने उरले, त्यांना दूरवर फळी मिळेना. गॅल्कोजने ती दिली.

यातली एकच बाटली हातात घेऊन पाहू. पेनसिल्व्हेनियातल्या नॅट्रोना कारखान्याची ‘रेड रिबन’. इथे वायू भरण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे बुडबुडे टाचणीच्या टोकाएवढे बारीक येतात. घोट घेतला की नाकात झिणझिणी जाण्याऐवजी जिभेवर मऊ फेस पसरतो. असा वायू टिकवायचा तर काच हवी. प्लास्टिकच्या बाटलीतून तो हळूहळू निसटतो.

दुसरा मुद्दा साखरेचा. अमेरिकेत आयातीवरच्या निर्बंधांमुळे साखर महाग राहिली आणि मक्याचा गोड पाक स्वस्त पडू लागला. १९८४ मध्ये दोन्ही बड्या कोला कंपन्यांनी आपली मुख्य पेयं बाटल्यांत भरणाऱ्यांना त्यांत पूर्णपणे मक्याचा पाक वापरायला मुभा दिली. उसाच्या साखरेला चिकटून राहिले ते बहुतांशी हे छोटे कारखानदार. नीस यांनी त्यांचाच माल मुद्दाम निवडला. त्यांची बाटल्यांबद्दल भरभरून बोलतानाची एक चित्रफीत पुढे इंटरनेटवर लाखोंनी पाहिली आणि दुकानाचं नाव शहराबाहेर पोचलं.

सोड्याच्या जोडीला जुन्या वळणाच्या गोळ्या-चॉकलेटं आणि शेकडो प्रकारच्या बिअर आल्या, पण दुकानाची ओळख सोड्याचीच राहिली. अलीकडची भर म्हणजे स्वतःचा सोडा स्वतः बनवण्याचा कोपरा. समोर सरबतांच्या बाटल्या. हवं ते, हवं तेवढं ओतायचं, वर वायूचं पाणी भरायचं आणि बूच दाबून बसवायचं. फळीवर काय मांडायचं ते दुकानदाराने ठरवलं होतं. बाटलीत काय भरायचं, ते इथे गिऱ्हाईक ठरवतं.