न रांगलेल्या मुलांची बाजू

पूर्वपक्ष आधी त्याच्याच शब्दांत मांडतो. मूल मान धरतं, पालथं पडतं, बसतं, रांगतं, धरून उभं राहतं आणि मग चालतं. ही शिडी आहे, आणि एक पायरी गाळली की वरचं सगळं कच्चं राहतं. रांगताना उजवा हात नि डावा गुडघा एकत्र पुढे जातात, त्यामुळे मेंदूचे दोन भाग एकमेकांशी जोडले जातात. जे पोर न रांगता थेट उभं राहिलं त्याचं पुढे अक्षर गिचमिड येतं, वाचताना अक्षरांची अदलाबदल होते, वर्गात ते एका जागी बसत नाही.

हे मत आता आजीच्या काळजीपुरतं उरलेलं नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत आणि फी घेऊन रांगण्याचे व्यायाम शिकवणाऱ्यांकडे ते शास्त्र म्हणून सांगितलं जातं. सोफ्याला धरून हौसेने उभं राहिलेलं अकरा महिन्यांचं पोर पुन्हा जमिनीवर ओणवं करणारे आईबाप मी पाहिले आहेत. पोराचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो.

माझं म्हणणं असं की यातली शिडीच खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे सर्वांत स्पष्टपणे दाखवतं ते रांगणंच.

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांच्या हालचाली महिन्यामहिन्याने नोंदवल्या. भारतातली मुलं दिल्लीची होती. २००६ साली निष्कर्ष छापले गेले, त्यात प्रत्येक टप्प्याला एका तारखेऐवजी एक खिडकी दिली आहे. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने, स्वतंत्र चालणं ८.२ ते १७.६ महिने. या आकड्यांकडे जरा थांबून पाहावं. चालण्याची खिडकी उघडते तेव्हा रांगण्याची खिडकी बंद व्हायला अजून पाच महिने बाकी असतात. म्हणजे एक निरोगी मूल चालत असताना दुसरं तितकंच निरोगी मूल रांगायलाही लागलेलं नसतं. शिडीच्या पायऱ्या अशा एकमेकींत घुसत नाहीत.

त्याच अभ्यासात सुमारे ९० टक्के मुलांनी बाकीचे पाच टप्पे ठरावीक क्रमाने गाठले. रांगणं मात्र त्या क्रमात कधी इथे, कधी तिथे शिरलं. आणि ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ही मुलं आजारी नव्हती. आजारी मुलं अभ्यासात घेतलीच नव्हती. कुणी पोटावर सरपटलं, कुणी बूड घासत पुढे सरकलं, कुणी सरळ उभं राहून चालू लागलं.

मूल कसं वाढवलं जातं याचा परिणाम तर याहून मोठा आहे. केनियातल्या किप्सिगिस लोकांत चार्ल्स सुपर यांनी केलेलं निरीक्षण १९७६ साली प्रसिद्ध झालं. तिथे बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. बसायला शिकवताना जमिनीत खळगा करून त्यात कापडाच्या टेकूने बसवतात. ती मुलं अमेरिकन मुलांपेक्षा सुमारे महिनाभर आधी बसत नि चालत. रांगण्यात मात्र ती पुढे नव्हती, कारण रांगायला कुणी शिकवत नव्हतं. पापुआ न्यू गिनीतल्या आऊ लोकांत बाळ जमिनीवर ठेवायचीच पद्धत नाही, ते कायम कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असतं. तिथली मुलं रांगत नाहीत, बसल्या बसल्या सरकतात आणि मग चालतात.

याहून मोठा प्रयोग तर कुणी प्रयोग म्हणून केलाच नव्हता. झोपेत बाळं अचानक दगावतात म्हणून अमेरिकेत १९९२ पासून डॉक्टर बाळाला उताणं झोपवायला सांगू लागले आणि १९९४ मध्ये त्याची देशभर मोहीम निघाली. मृत्यू पुष्कळ घटले. पोटावरचा वेळ कमी झाल्याने बाळं उशिरा पालथी पडू लागली, उशिरा रांगू लागली. चालण्याचं वय मात्र जिथे होतं तिथेच राहिलं. पूर्वपक्षाची पायरी घसरली आणि वरच्या पायरीला धक्काही लागला नाही!

मग ‘मेंदूचे दोन भाग जोडण्याची’ ही गोष्ट आली कुठून? तिचा एक ठळक उगम फिलाडेल्फियात आहे. ग्लेन डोमन आणि कार्ल डेलाकाटो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर असं मांडलं की माणसाचं मूल मासा, सरडा, चतुष्पाद अशी उत्क्रांतीची वाट पुन्हा चालतं, आणि एखादा थांबा चुकला की मेंदूची घडी विस्कटते. उपाय म्हणून मोठ्या मुलांनाही तासन्‌तास रांगायला लावलं जाई, हातपाय धरून तशा हालचाली करवल्या जात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ साली आणि पुन्हा १९९९ साली या उपचाराला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलं. उपचार मागे पडला, त्याची भाषा मात्र उरली आणि आता मराठीत आपल्यापर्यंत पोचली. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा तंतूंचा पूल जन्माच्या आधीच तयार झालेला असतो. सहा महिन्यांचं बाळ खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतं तेव्हा ते दोन्ही भाग वापरतच असतं. त्यासाठी त्याला फरशीवर गुडघे घासावे लागत नाहीत.

काहीजण याला परंपरेची साक्ष काढतात, म्हणून दोन शब्द. जुन्या संस्कारांत घराबाहेर नेण्याचं निष्क्रमण आहे, जमिनीवर बसवण्याचं उपवेशन आहे, उष्टावण आहे. रांगण्याचा संस्कार नाही. काश्यपसंहितेत वर्षभरात न चालणाऱ्या मुलाला फक्क म्हटलं आहे आणि त्याची कारणं दूध, गर्भ आणि व्याधी अशी तीन सांगितली आहेत. न रांगणं हे त्यात कारण म्हणून येत नाही. उपायांत तीन चाकांचा रथ आहे, म्हणजे आपल्या पांगुळगाड्याचा पूर्वजच. देवघरातला रांगता बाळकृष्ण म्हणाल, तर त्याच्या एका हातात लोण्याचा गोळा आहे आणि एक गुडघा वर उचललेला आहे. व्यायाम शिकवणाऱ्यांच्या पट्टीवर तोही नापास व्हायचा.

पूर्वपक्षाचं एक प्रमाण मात्र खरोखर वजनदार आहे आणि ते टाळून चालणार नाही. जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की रांगायला लागलेली मुलं उंचीला बिचकू लागतात, लपवलेली वस्तू शोधण्यात न रांगणाऱ्या समवयस्कांपेक्षा सरस ठरतात. म्हणजे स्वतः हिंडण्याने मूल जग वेगळ्या रीतीने ओळखू लागतं. मला हे मान्य आहे. पण त्याच संशोधकांना असंही दिसलं की अजून न रांगणारी, वॉकरमधून हिंडलेली मुलंही वस्तू शोधण्यात रांगणाऱ्यांच्या बरोबरीने उतरली. तेव्हा लाभ हिंडण्याचा आहे, गुडघ्यांचा नाही. (यावरून कुणी वॉकर आणायला धावू नये. तो जिन्यावरून कोसळतो, त्यात बसलेली मुलं उलट उशिरा चालतात, आणि कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाड्यात मूल निदान स्वतःच्या पायांवर उभं असतं.)

राहिला अनुभव. ‘माझ्या ओळखीतलं मूल रांगलं नाही आणि पुढे त्याला अडचण निघाली.’ निघाली असेल. मेंदूच्या पक्षाघाताची मुलं बऱ्याचदा रांगत नाहीत. पण तिथे आधी मेंदूला इजा आहे, न रांगणं तिच्यामागून आलं आहे. कोंबडं झाकल्याने उजाडायचं राहत नाही, तसंच ते आरवायला लावल्याने उजाडतही नाही. इजा झालेल्या मुलाला जबरदस्तीने रांगवून ती भरून निघत नाही, आणि धडधाकट मुलाने न रांगल्याने ती होत नाही.

याचा अर्थ टप्प्यांचे तक्ते फेकून द्यावेत असा नाही. ते चाळणीसारखे वापरायचे असतात. प्रमिला फाटक यांनी परदेशी मोजपट्टी जशीच्या तशी न उचलता बडोद्यातल्या मुलांवर तिचे निकष नव्याने बसवले ते १९७० साली. त्यांतून एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली फक्त १७ बाबी निवडून त्रिवेंद्रमचा तक्ता केला, आरोग्यसेविकेला काही मिनिटांत वापरता येईल असा. चाळणीत अडकलेल्या मुलाला पुढे तपासायचं, एवढाच तिचा उपयोग. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ साली आपल्या यादीतून रांगणं काढून टाकलं तेव्हा तिथल्या फिजिओथेरपिस्टांनी गदारोळ केला. माझ्या मते वगळणंच बरोबर होतं: चाळणीची जी जाळी निरोगी मुलांनाही अडवते ती काढलेलीच बरी.

‘बापही उशिरा बोलला होता, बोलेल हळूहळू’ हे दुसऱ्या टोकाचं वाक्य याहून घातक आहे. वर्षाचं मूल बडबडत नसेल, सोळा महिन्यांनंतरही एक शब्द नसेल, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द हरवत असतील, तर आधी कान तपासून घ्यावेत आणि डॉक्टरांना दाखवावं. अठरा महिन्यांपर्यंत न चालणाऱ्या मुलाचंही तेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्या पालघरलाच झाली. त्याची पथकं अंगणवाडीत येतात, तेव्हा विचारायचे प्रश्न हे आहेत.

आणि एक आणखी. एका घरात नऊ महिन्यांचं बाळ बूड घासत सरकतं. त्याची आई रात्री झोपत नाही, इंटरनेटवर व्यायाम शोधते. शेजारच्या घरात त्याच वयाचं बाळ छान रांगतं, म्हणून सगळे निर्धास्त. ते प्रत्येक वस्तू डाव्याच हाताने घेतं, उजवी मूठ मिटलेली असते, रांगताना उजवा पाय किंचित मागे ओढला जातो. आजी कौतुकाने म्हणते, डावखुरा होणार बघा. डॉक्टरांकडे न्यायला हवं ते हे दुसरं बाळ.