तुपाकच्या आधीचा तुपाक

आपण हेडफोन लावून ज्याचा रॅप ऐकतो, त्या तुपाक शकूरचं जन्माच्या वेळचं नाव वेगळंच होतं. आई अफेनी ब्लॅक पँथर चळवळीतली. १९७१च्या मे महिन्यात, गरोदर असताना, बॉम्बकटाच्या खटल्यात स्वतःची वकिली स्वतः करून ती निर्दोष सुटली. जूनमध्ये पोरगा झाला. पुढे तिनं त्याला नवं नाव दिलं: तुपाक अमारू. मूळ मालक पेरूचा!

तो होसे गाब्रिएल कोंदोरकांकी. खेचरांच्या तांड्यांवर मालवाहतूक करणारा, खाऊनपिऊन सुखी गावप्रमुख. १५७२मध्ये कुस्कोत स्पॅनिशांनी शिरच्छेद केलेल्या शेवटच्या इंका राजाचा वंशज म्हणवून त्याचंच नाव लावायचा. चांदीच्या खाणींत सक्तीनं धाडलेली माणसं त्यानं पाहिली होती. नोव्हेंबर १७८०मध्ये त्यानं स्पॅनिश अधिकारी आर्रियागाला पकडून फासावर चढवलं.

मला मात्र त्याची बायको मिकाएला बास्तिदास जास्त भिडते. रसद, परवाने, निरोप सगळं तीच बघायची. कुस्कोवर लगेच चाल कर, म्हणून पत्रांमागून पत्रं पाठवायची, चिडायची. तो रेंगाळला. शहर हाती आलंच नाही.

१८ मे १७८१. कुस्कोच्या चौकात आधी तिला मारलं, त्याच्या डोळ्यांदेखत. मग त्याचे हातपाय चार घोड्यांना बांधले. घोडे ओढत राहिले, शरीर तुटेना; शेवटी मुंडकं उडवलं.

त्याच्या शिक्षेच्या हुकमात इतरांसाठीही कलमं होती. इंकांचा पोशाख बंद, इंका राजांची चित्रं बंद. आणि सहीत कुणी 'इंका' लिहायचं नाही.