मेंढा (लेखा) ग्रामसभा

मेंढा (लेखा) ग्रामसभा ही महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा या गोंड आदिवासी गावाची निर्णयसंस्था आहे. सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत, निर्णयापासून वेगळा ठेवलेला अभ्यासगट आणि जंगलावरील सामूहिक हक्काची प्रत्यक्ष अंमलबजावणी यांमुळे ही ग्रामसभा लोकशाही, वनव्यवस्थापन व संघटनांतील नेतृत्व या विषयांच्या अभ्यासकांना परिचित आहे. शेजारच्या लेखा गावावरून या गावाचा उल्लेख ‘मेंढा (लेखा)’ असा केला जातो. गाव लहान असून त्याची लोकसंख्या काही शेकड्यांतच आहे. गावाकडे असलेले वनक्षेत्र मात्र सुमारे 1,800 हेक्टर आहे.

पार्श्वभूमी

1980च्या दशकात गोदावरीवरील इचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपटनम या नियोजित धरणांमुळे या भागातील अनेक गावे व मोठे जंगल पाण्याखाली जाणार होते. त्याविरुद्ध लाल श्याम शाह, बाबा आमटे आदींच्या पुढाकाराने ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन झाले. मेंढ्यातील देवाजी तोफा व इतर गावकरी या चळवळीच्या संपर्कात आले. याच काळात जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत घडलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल ‘वृक्षमित्र’ संस्थेच्या वतीने लोक आणि जंगल यांच्या संबंधांचा अभ्यास करत होते. स्वतः निर्णय घेणारे गाव शोधताना त्यांचा मेंढ्याशी संबंध जुळला आणि तो पुढे कायम राहिला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही गावाची घोषणा त्यातूनच सर्वत्र पोहोचली.

त्या वेळी कायद्याने या घोषणेला फारसा आधार नव्हता. पंचायत कायद्यानुसार ग्रामसभा एका ग्रामपंचायतीची असे आणि मेंढा हे लेखा ग्रामपंचायतीतील एक गाव होते. केवळ आपल्या वस्तीची ग्रामसभा भरवण्याची मेंढ्याची प्रथा कायद्याच्या आधीची आहे. अनुसूचित क्षेत्रांत वस्तीपातळीवरील ग्रामसभेला मान्यता देणारा पेसा कायदा 1996 साली आला.

निर्णयप्रक्रिया

मेंढ्याच्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. उपस्थितांपैकी एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेकडे जातो आणि मधल्या काळात त्या व्यक्तीशी बोलणे सुरू राहते. या नियमाचा परिणाम संवादावर होतो. मतदानात अल्पमताचे म्हणणे ऐकून न घेताही काम पुढे जाऊ शकते. येथे ते शक्य नसते, त्यामुळे एरवी सभेत न बोलणाऱ्याचे मतही विचारावे लागते. सभेला प्रत्येक घरातून पुरुषाबरोबर स्त्रीनेही यावे, असा आग्रह आहे. गावातील दारूवरील निर्बंधांसारखे प्रश्न स्त्रियांच्या सहभागाशिवाय सुटले नसते.

या पद्धतीचा दुसरा आधार म्हणजे अभ्यासगट. एखादा कायदा, सरकारी योजना, मध गोळा करण्याची रीत किंवा वनविभागाचे पत्र असा विषय घेऊन गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात. येथे कोणीही येऊ शकतो, कोणताही प्रश्न विचारू शकतो. निर्णय मात्र घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेतच आणि गावकऱ्यांकडूनच होतो. ही विभागणी साधी वाटली तरी तिचे महत्त्व मोठे आहे. चर्चेअंती लगेच निर्णय व्हायचा असेल तर माणसे आधीच बाजू धरून बसतात. तो दबाव नसला की शंका मोकळेपणाने मांडता येते. शिवाय बाहेरच्या तज्ज्ञाचे ज्ञान गावाला मिळते, पण त्याला गावावर अधिकार मिळत नाही. स्वयंसेवी संस्था व गाव यांच्या संबंधांत ही सीमारेषा क्वचितच इतकी स्पष्ट आखलेली आढळते.

गावाची बोली गोंडी, तर कार्यालयांचा व्यवहार मराठीत आणि अनेकदा इंग्रजीत. त्यामुळे कागद वाचून त्याचा अर्थ सर्वांना कळेपर्यंत समजावणे हे अभ्यासगटाचे मोठे काम ठरले.

नेतृत्व

देवाजी तोफा हे मेंढ्याचे सर्वपरिचित प्रतिनिधी आहेत. तरी त्यांचे वजन कोणत्याही पदातून आलेले नाही. सभेत त्यांच्या मतालाही एका मताएवढीच किंमत आहे. 1911 साली समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी कोणत्याही संघटनेत सत्ता अखेर मूठभरांच्या हाती जाते, असा सिद्धान्त मांडला. मेंढ्याची रचना या धोक्यावर एक उत्तर देते: निर्णयाचा अधिकार प्रतिनिधींकडे न सोपवणे. हे उत्तर जेथे सर्वांना एकत्र बसता येते अशा लहान समूहातच चालते. कायदे जाणणारा, बाहेर बोलू शकणारा माणूस मात्र अशा समूहातही अधिक प्रभावी ठरतो, आणि मेंढ्याची बाहेरील ओळख आजही मुख्यतः दोन-तीन नावांशीच जोडलेली आहे.

बांबूचा प्रश्न

जंगलातील बांबू दीर्घकाळ कागद कारखान्याला कंत्राटाने दिला जात असे. गावाला मजुरी मिळे. कुठे आणि किती तोडायचे, हे ठरवण्याचा अधिकार नसे. मेंढ्याने या तोडीला विरोध केला. पुढे वनहक्क कायदा, 2006 अन्वये 2009 साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा व त्याच जिल्ह्यातील मर्दा यांचा समावेश होतो. सामूहिक संसाधनांच्या व्यवस्थापनावरील संशोधनासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही याच वर्षी; वापरणाऱ्यांनीच नियम ठरवले तर सामायिक साधनसंपत्ती टिकू शकते, हा त्यांचा निष्कर्ष होता.

हक्काचा कागद मिळाला तरी बांबू गावाबाहेर नेता येईना. वनहक्क कायद्यात बांबू हे गौण वनोपज होते. 1927च्या भारतीय वन कायद्यात मात्र बांबूची गणना झाडांत होत असे, आणि त्या आधारावर वनविभाग वाहतूक परवाना देत नव्हता. ग्रामसभेने पत्रव्यवहार करून हा विषय राज्य व केंद्र शासनापर्यंत नेला. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. भारतीय वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू 2017 साली वगळला गेला.

बांबूविक्रीने ग्रामसभेच्या हाती मोठी रक्कम येऊ लागली. जंगल वाचवण्यावर सहमती होणे आणि पैशाच्या विनियोगावर सहमती होणे यांत फरक असतो. हिशेब सभेसमोर ठेवणे आणि मजुरीतील काही वाटा सामूहिक निधीत जमा करणे या जुन्या सवयी या टप्प्यावर उपयोगी पडल्या.

मर्यादा

सर्वसहमतीला वेळ लागतो. शासकीय योजनांच्या मुदती त्यासाठी थांबत नाहीत. गावात नातेसंबंध दाट असल्याने विरोध असूनही गप्प राहण्याची शक्यता उरतेच. अशा मौनाला सहमती मानायचे का, हा या पद्धतीपुढील सर्वांत कठीण प्रश्न आहे. मेंढ्याचा समाज बराचसा एकजिनसी आहे. जातीपातींत विभागलेल्या मोठ्या गावात हीच पद्धत जशीच्या तशी लागू करणे अवघड ठरते.

ग्रामदान

2013 साली मेंढ्याने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, 1964 अन्वये खासगी शेतजमिनीची मालकी गावाकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. कसण्याचा हक्क कुटुंबांकडेच राहतो. जमीन बाहेरच्यांना विकता येत नाही. विनोबांच्या ग्रामदान चळवळीचा बहर ओसरून अनेक दशके लोटल्यानंतर झालेला हा निर्णय असल्याने त्याची विशेष नोंद घेतली गेली. मेंढ्याच्या वाटचालीवर मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिले आहे.