कुलूप आणि गोळी

पेडणे-डिचोलीच्या माणसाला म्हापसा ठाऊक असते ते शुक्रवारच्या बाजारासाठी. परंतु एका भयंकर रोगाच्या भारतीय इतिहासात या गावाची नोंद झाली, ती एका कुलपामुळे.

१९८९ च्या फेब्रुवारीत जवळच्याच पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी म्हापशास आणले आणि क्षयरोग्यांसाठी पूर्वी बांधलेल्या एका इमारतीत कोंडून ठेवले. त्याचा गुन्हा कोणताच नव्हता. तो नित्यनेमाने रक्तदान करी, आणि त्याच्या रक्तात एचआयव्हीची लागण आढळली होती, एवढेच. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसास अलग ठेवण्याचे कलम होते. त्याच्या आई, लुसी डिसोझा, न्यायालयात गेल्या. चौसष्ट दिवसांनी मुलगा सुटला. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम वैधच ठरविले, याची आठवण आपण सहसा काढीत नाही.

तेव्हा सरकारपाशी देण्याजोगे औषध तरी कुठे होते, असे कोणी म्हणेल. ते बरेचसे खरे आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत झिडोव्ह्युडिन मंजूर झाले होते, पण एकट्या त्या औषधाचा गुण फार काळ टिकत नसे. डॉमिनिक १९९२ च्या मे महिन्यात वारला. ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही त्याने उभारलेली संस्था मागे राहिली.

चारच वर्षांनी, १९९६ मध्ये, तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार यशस्वी ठरला आणि अंथरुणाला खिळलेली माणसे श्रीमंत देशांत पुन्हा कामावर जाऊ लागली. खर्च मात्र माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर! आफ्रिकेतल्या वा आपल्याकडच्या मजुराने तो आकडा नुसता ऐकावा. औषध होते, ते पेटंटाच्या कुलपात होते.

हे दुसरे कुलूप मुंबईत उघडले. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या कृतीवर हक्क मानला होता, खुद्द औषधावर नव्हे. निराळ्या कृतीने तेच औषध करण्याची मुभा त्यामुळे आपल्या कारखानदारांना होती. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये जाहीर केले की, ‘सीमारहित वैद्य’ या आंतरराष्ट्रीय संघटनेस तिन्ही औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरांत देऊ. म्हणजे दिवसाला डॉलरहूनही कमी! १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक रुग्णालयांतून ती विनामूल्य देण्यास आरंभ केला. २००५ मध्ये पेटंटाचा कायदा बदलला आणि नव्या औषधांसाठी ती जुनी वाट अरुंद झाली.

२०१७ चा केंद्रीय कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. रुग्णास लागणीपायी अलग कोंडण्यास त्याने मनाई केली. औषध पुरविण्याच्या कलमात मात्र ‘शक्य असेल तितपत’ असे शब्द आहेत. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात औषध फुकट मिळते. पण पेडण्याच्या टोकावरून तेथे जाणाऱ्या मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडतो.