७ ऑक्टोबर १९७६ : एका भोजनपत्रिकेची कथा

कॅलिफोर्नियातील बर्कले शहर. शॅटक मार्गावरील एका जुन्या लाकडी घरात त्या संध्याकाळी एक मेजवानी झाली. निमित्त ना विवाहाचे, ना वाढदिवसाचे. सोहळा होता तो उत्तर कॅलिफोर्निया या प्रदेशाचाच.

उपाहारगृहाचे नाव ‘शे पानीस’. मार्सेल पान्योल या फ्रेंच लेखकाच्या एका पात्रावरून ते घेतलेले. फ्रान्समध्ये काही काळ शिकून आलेल्या अ‍ॅलिस वॉटर्स यांनी २८ ऑगस्ट १९७१ रोजी ते सुरू केले. पहिल्या रात्रीचे जेवण ३ डॉलर ९५ सेंट्सना होते. त्या काळी अमेरिकेत उत्तम उपाहारगृह म्हणजे फ्रेंच, असे समीकरणच होते. शे पानीसही त्याला अपवाद नव्हते. पदार्थ फ्रेंच आणि बहुधा त्यांची नावेही फ्रेंच.

१९७३ मध्ये जेरेमाया टॉवर तेथे मुख्य आचारी झाले. शिक्षण वास्तुकलेचे, तेही हार्वर्डमध्ये. व्यावसायिक स्वयंपाकाचा अनुभव जवळजवळ शून्य. जुनी पाकपुस्तके वाचण्याचा मात्र त्यांना विलक्षण नाद. न्यूयॉर्कच्या डेल्मॉनिकोजचे आचारी चार्ल्स रॅनहॉफर यांच्या १८९४ च्या ग्रंथात त्यांना कोवळ्या मक्याचे एक सूप आढळले. त्याच्या नावात ‘मेंडोसिनो’ होते, म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावरील गाव! घरचे नाव घरी पोहोचायला न्यूयॉर्कमार्गे ८२ वर्षे लागली.

मग पत्रिका लिहिली गेली, इंग्रजीत. टोमालेस उपसागरातील कालवे. मेंडोसिनो पद्धतीचे मक्याचे सूप. बिग सर येथील गारापाटा ओढ्याचा ट्राउट मासा. माँटेरे उपसागरातील कोळंबी. सेबास्टोपोलचे गूज पक्षी. सोनोमाचे चीज. शेवटी अंजीर, अक्रोड, बदाम आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या शेतकरी बाजारातील नाशपाती. दर माणशी २० डॉलर. मद्येही कॅलिफोर्नियाचीच, साडेचार महिन्यांपूर्वी, २४ मे रोजी, पॅरिसमधील चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकलेल्या बाटल्यांतून याच प्रदेशातील मद्यांना पहिला क्रमांक दिला होता.

‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ तेव्हाही सैलच होता. बिग सर बर्कलेपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर! पण खरे नावीन्य अंतरात नव्हते. पदार्थाच्या नावात आजवर सॉसला जो मान होता, तो ओढ्याला, उपसागराला, गावाला मिळाला. आज कोणत्याही महागड्या उपाहारगृहाच्या पत्रिकेत शेताचे नाव छापलेले दिसते, त्या प्रथेचा एक ठळक उगम येथे आहे.

श्रेय मात्र वाटून घेता आले नाही. शे पानीसचे नाव जगभर वॉटर्स यांच्याशी जोडले गेले. उत्तम जिन्नसांचा आग्रह आणि उत्पादकांशी जोडलेले संबंध ही त्यांची कमाई निर्विवाद आहे. टॉवर यांनी पुढे उपाहारगृह सोडले, १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘स्टार्स’ काढले, आणि २००३ च्या आत्मकथनात आपले श्रेय हिरावले गेल्याची तक्रार उघडपणे मांडली. पत्रिकेत ओढ्याचेही नाव होते. भांडण उरले ते माणसांच्या नावांचे.